सासीने न पाहिलेलं लग्न

माझ्या नवऱ्याने, सासीने, शंभराच्या वर लग्नं वाचवली आणि त्यातलं एकही पाहिलं नाही. असं मी म्हणते तेव्हा आमच्या घरयान गावच्या बायका नुसत्या मान हलवतात, कारण त्यांना ठाऊक आहे. परक्या माणसाला मात्र वाटतं, वनीसा फुशारकी मारतेय. मारतेच. सासीने जन्मात कधी मारली नाही, मग कुणीतरी मारायला नको का?

सव्वीस वर्षं तो टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होता. तिथली यंत्रं काळ्या पडद्यावर चालायची. आपण एक ओळ लिहायची, मग ते एका ओळीत उत्तर देणार. चित्रं नाहीत, बटणं नाहीत. लढाईत एक्स्चेंज जळालं तेव्हा सासी घरी बसला आणि बैठकीच्या खोलीत त्याने एक जुना कॉम्प्युटर मांडला. त्यात त्याने लिनक्स घातलं. एक्स्चेंजच्या यंत्राच्याच कुळातलं आहे म्हणे. मला काय कळतंय? मला एवढंच कळलं, की पाहुण्यांना बसवायची खोली गेली आणि तिथे वायरींचा उकिरडा झाला. मी दोन महिने धुसफुसत होते.

मग बायका यायला लागल्या. आमच्याकडे बायकांच्या मांडवात पुरुषाची सावली पडत नाही. दारातच एक टोपली असते, तिच्यात सगळ्यांनी फोन टाकायचे. आत सगळ्या मोकळ्या केसांनी, उघड्या दंडांनी नाचतात, जमजमातवाल्या डफ बडवत गातात, आणि चित्रीकरण करायला एकच बाई, तीही ओळखीची. त्याची एकच सीडी निघते आणि ती नवरीच्या आईच्या पेटीत जाते. आता दहा-बारा वर्षांनी ती सीडी अडकायला लागली, तर न्यायची कुणाकडे? बाजारातले दुरुस्तीवाले सगळे बाप्ये. सीडी दुरुस्त झाली का हे बघायला ते लावणार, आणि लावली की बघणार.

सासी बघायचा नाही. तो म्हणायचा, "वनीसा, सीडी न उघडता तिची नक्कल काढता येते. बांधलेलं गाठोडं आहे तसं उचलून दुसऱ्या खोलीत ठेवायचं. आत काय आहे ते कशाला बघायचं?" सीडी घातली की आपसूक उघडून चित्र दाखवणारी यंत्रं त्याला चालायची नाहीत. आपल्या यंत्राची ती खोड त्याने पहिल्याच दिवशी मोडून ठेवली होती. यंत्राने फक्त सांगायचं, सीडी दिसली की नाही, किती भरलेली आहे, कुठे वाचता येत नाही. बस.

एकदा मात्र त्याची चांगली फजिती झाली. सुरुवातीची गोष्ट आहे. ड्राइव्ह कुठलीच सीडी वाचेना. दोन दिवस सासी त्याच्या मागे. वायर बदलली, भिंग कापसाने पुसलं, ड्राइव्ह उघडून परत लावला, जेवायला हाक मारली तर वसकन अंगावर आला. तिसऱ्या दिवशी त्याने पडद्यावरची ओळ नीट वाचली. यंत्र पहिल्यापासून एकच सांगत होतं, तुला परवानगी नाही. ड्राइव्ह वापरणाऱ्यांच्या यादीत त्याने स्वतःचं नावच घातलं नव्हतं. मी म्हटलं, "सव्वीस वर्षं एक्स्चेंजमध्ये काय माशा मारल्यास?" तो हसला नाही. म्हणाला, "घर माझं, यंत्र माझं, तरी विचारतं तू कोण. हे मला आवडलं." तेव्हापासून कुणी सीडी आणली की आधी त्याचा प्रश्न असायचा, ही कुणाची, आणि उघडायची परवानगी कुणाची.

हाजा तुर्किया आली ती सिवार अकरा वर्षांची झाली त्या उन्हाळ्यात. सिवार तिची नात. नातीची आई नुवारा, हाजाची धाकटी लेक. सिवारच्या जन्मानंतर चाळीस दिवसही पुरे झाले नाहीत, आणि नुवारा त्रिपोलीच्या इस्पितळात वारली. पोरगी आजीच्या मांडीवर वाढली. मी नुवाराला दोन-तीनदाच पाहिलं होतं. उंच, आणि सारखी बोलणारी, एवढं आठवतं.

हाजाने रुमालाची घडी उलगडली. आत छोटी, तळहातावर मावेल एवढी डीव्हीडी होती. "नुवाराच्या मेंदीच्या दिवसाची आहे," ती म्हणाली. "कॅमेरावाल्या कॅमेरावाल्या वहीबाने काढली होती. ती थेट कॅमेऱ्यातच असली सीडी घालायची. कुठल्याच यंत्रात लागत नाही. 'सीडी नाही' म्हणतं. सिवार लहान असताना तिने चरे पाडले वर. पोर ती. आता तिलाच हवी आहे."

"सिवारला?" मी विचारलं.

"शाळेत आईवर लिहायला सांगितलं. ती घरी येऊन मला, आजीला, म्हणाली, हन्ना, माझी यम्मा बोलायची कशी? मी सांगितलं, गोड बोलायची. तर म्हणते, गोड म्हणजे कसं?" हाजाने रुमालाची परत घडी घातली. "फोटो आहेत तीन. फोटो बोलत नाहीत."

सासी दारात उभा होता, नजर खाली. त्याने सीडी कडेला धरून उजेडात फिरवली. मागच्या चकचकीत बाजूला तीन चरे होते. तो ते बराच वेळ बघत राहिला. "पोरीने पाडले?" त्याने विचारलं.

"हो."

"बरं," सासी म्हणाला. मला त्याच्या त्या "बरं"चा अर्थ तेव्हा कळला नाही. उघडायची परवानगी कुणाची, हेही त्याने विचारलं नाही. नंतर माझ्या लक्षात आलं, की तो एवढा एकच प्रश्न त्याने जाणूनबुजून गिळला होता.

आधी त्याने ड्राइव्हमध्ये दुसरी एक चांगली सीडी घालून बघितली. ती लागली. म्हणजे ड्राइव्ह बरा आहे. मग हाजाची घातली. यंत्र म्हणालं, आत काही नाही. सासीने ती बाहेर काढून मला दाखवली. "हे बघ, आतल्या बाजूला रंग गडद आहे ना? बाहेर फिका. जिथवर गडद तिथवर लिहिलेलं आहे. कोरी नाही ही." वहीबाने चित्रीकरण संपल्यावर सीडी बंद करायची राहून गेली होती. तशी बंद केली नाही तर साध्या यंत्राला ती कोरीच वाटते. नुवाराने स्वतःची मेंदी कधी बघितलीच नव्हती तर. कुणीच बघितली नव्हती.

बंद न केलेली सीडी लिहिणाऱ्या ड्राइव्हला मात्र कधी कधी वाचता येते. सासीने एक्स्चेंजमधल्या जुन्या सहकाऱ्याकडून असला एक ड्राइव्ह मागून आणला. त्यात यंत्राने सीडी ओळखली. मग नक्कल सुरू झाली आणि लगेच अडखळली. पडद्यावर एकामागून एक तीच ओळ, इथे वाचता येत नाही, इथे वाचता येत नाही. ड्राइव्ह आतून कण्हल्यासारखा आवाज करायचा. माझा जीव टांगणीला लागायचा. मी म्हणायचे, थांबव, फुटेल. सासी शांतपणे वेग कमी करायचा.

त्याची एक रीत होती. आधी जे सहज वाचता येतं ते सगळं घेऊन टाकायचं. अडलेल्या जागी हट्ट धरायचा नाही, पुढे निघून जायचं. मग शेवटाकडून उलट यायचं. सगळ्यात शेवटी अडलेल्या जागा, एकेक करून, हळू. नक्कल करणारा प्रोग्राम कुठवर आलो याचं टिपण ठेवायचा, म्हणून वीज गेली तरी काम वाया जात नसे. आणि वीज तर रोजच जायची, दुपारी चार-चार तास. सासी मग अंगणात जाऊन ऑलिव्हच्या झाडाखाली बसायचा. वीज आली की परत येऊन टिपण उघडायचा.

मधल्या एका दुपारी त्याने चरे घासले. लोक सीडीला टूथपेस्ट लावून गोल गोल चोळतात आणि होतं नव्हतं तेही घालवतात. तो मऊ कापडाने मधून काठाकडे, सरळ, हलक्या हाताने पुसायचा. पुसता पुसता मला म्हणाला, "वनीसा, लहान पोर चरा पाडतं तो कसा असतो?"

"कसा म्हणजे? वेडावाकडा."

"हे तीन सरळ आहेत. मधून काठापर्यंत. खिळ्याने, दाबून. आणि पोराने पाडलेले असते तर दोन्ही बाजूंना असते." एवढंच बोलून तो परत पुसायला लागला. मी हातातली लसूण सोलायची सोडून त्याच्याकडे बघत बसले. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि मला हाजाचा रागच आला. त्या अश्राप पोरीच्या नावावर खोटं बोलायचं? पण सासी म्हणाला, "तोंड उघडू नकोस. सांगायचं असेल तेव्हा ती सांगेल."

दहाव्या दिवशी नक्कल झाली. थोड्या जागा गेल्याच, पण बाकी सगळं आलं. तो म्हणाला, सरळ चऱ्यांमुळेच वाचलं. गोल पाडले असते तर पुढच्या-मागच्या ओळी सलग गेल्या असत्या. पण खरी पंचाईत पुढेच होती. बंद न केलेल्या सीडीतून आलेलं ते सगळं म्हणजे एक अखंड गठ्ठा होता. चित्र कुठे सुरू होतं, कुठे तुटतं हे बघून तुकडे करावे लागणार होते. बघितल्याशिवाय ते होणार नव्हतं, आणि सासी बघणार नव्हता.

"मग मी बघते," मी म्हटलं.

"तुला यंत्र चालवता येत नाही."

"तू सांग, मी दाबते."

आता ही गंमत ऐका. आमच्या पिढीला शाळेत इंग्रजी शिकवलंच नाही, बंद केलं होतं त्या वर्षांत. मला त्यांची अक्षरंही येत नव्हती. सासीने पडद्यावर दिसतात तशी छोटी अक्षरं बटणांवर चिकटवून दिली होती, तेवढाच आधार. सासी दाराच्या पडद्यापलीकडे, आतल्या खोलीत, भिंतीकडे तोंड करून खुर्चीवर बसला आणि तिथून सांगू लागला. "पोट डावीकडे, काठी उजवीकडे, ते दाब."

"दोन आहेत तसली. एकीची काठी खाली लोंबतेय."

"वर असलेली दाब. आता नुसती काठी. आता मोकळी जागा, ते लांब बटण. अगं लांब, सगळ्यात खाली."

"ओरडू नकोस. पाठ करून बसलायस आणि ओरडतोयस."

"ओरडत नाही. काय उत्तर आलं?"

"मला वाचता येत असतं तर तुला कशाला विचारलं असतं?"

सहा दिवस हे चाललं. माझ्या नाकी नऊ आले. पण हळूहळू बोटांना सवय झाली, आणि एका सकाळी पडद्यावर हिरवट चौकोन हलले, फुटले, जुळले आणि मध्ये एक बाई दिसली. केस मोकळे, दोन्ही हात मेंदीने भरलेले, पुढे धरून बसलेली. मी हात बटणांवरून उचलले.

"चित्र आलं?" भिंतीकडून सासीने विचारलं.

"आलं."

"आवाज लावण्याआधी मला सांग. मी बाहेर जातो." आणि खुर्ची सरकल्याचा, मग अंगणाचं दार लावल्याचा आवाज आला. बाईचा असा घरातला आवाज परक्याने ऐकायचा नाही, हे मला त्याला सांगावं लागलं नाही. मी एकटीने आवाज लावला. थोडंसंच ऐकलं आणि बंद केलं. ते माझ्यासाठी नव्हतंच.

हाजाला निरोप धाडला. ती आली, पण सिवारला न घेता. बसली नाही. पाणीही घेतलं नाही. दारातूनच म्हणाली, "वनीसा, ते पुसून टाका. नको मला."

माझं डोकंच फिरलं. सोळा दिवस त्या माणसाने डोळे फोडून घेतले होते. "पुसून टाका? आणि पोरीला काय सांगणार आहात? की अजून एक चरा तिच्या नावावर घालणार?"

हाजाचा चेहरा पांढरा पडला. ती उंबऱ्यावरच बसली. मला तेव्हाच वाईट वाटलं, पण तोंडातून गेलं ते गेलं. मग ती बोलली, इतकी हळू, की मला पुढे वाकावं लागलं.

"तिनेच सांगितलं होतं. इस्पितळात, शेवटच्या दिवशी. म्हणाली, यम्मा, ती सीडी मोडून टाक. मी गेल्यावर लोक मला बघत बसतील, अशी उघड्या केसांची. मी शब्द दिला. घरी आले आणि खिळा घेतला. माझी लेक गेली आणि मी तिच्यावर खिळा फिरवला. मग सिवारने विचारलं आणि माझा शब्द गेला. रोज रात्री वाटतं, वर ती मला विचारेल, यम्मा, तुझ्यापाशी माझी एकच अमानत होती, तीही जपली नाहीस?"

दाराच्या पडद्यापलीकडे सासी होता. त्याने ऐकलं होतं. तो क्वचितच मध्ये बोलायचा, पण त्या दिवशी बोलला. "हाजा, एक विचारू?"

"विचार, भावा."

"ही एवढीशी सीडी. मोडायची म्हटलं तर दोन हातांत धरून कडकन मोडते. लहान पोरही मोडेल. तुम्ही ती मोडली नाही. चरे पाडले. मग रुमालात गुंडाळून पेटीत ठेवली. अकरा वर्षं."

हाजाने मान खाली घातली.

"मोडलेली वस्तू कुणी रुमालात ठेवत नाही," सासी म्हणाला. "मी ती उघडलेली नाही. वनीसाने बघितली, कारण कुणीतरी बघणं भाग होतं. तुम्ही सांगाल तर आत्ता पुसतो, एक ओळ लागते. पण एवढंच सांगतो, नुवारा म्हणाली लोकांनी बघू नये. सिवार लोक आहे का?"

हाजा रडली. मी तिच्याजवळ बसले आणि तिचा हात धरला, कारण दुसरं काय करणार? माझ्या बोलण्याची मला लाज वाटत होती. शेवटी तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "पोरीला आणते. पण मी बघणार नाही. माझा शब्द आहे."

दुसऱ्या दिवशी, वीज असण्याच्या वेळात, ती सिवारला घेऊन आली. पोरगी आईसारखीच उंच होती. नवीन बूट घालून आली होती, केस विंचरून, ईदला निघाल्यासारखी. मी तिला पडद्यासमोर बसवलं. हाजा आतल्या खोलीत गेली आणि सासीच्या त्याच खुर्चीवर, भिंतीकडे तोंड करून बसली. सासी अंगणात निघून गेला होता. मी ती ओळ दाबली. आता मला ती येत होती.

चौकोन फुटले, जुळले. नुवारा दिसली. डफ लांबून ऐकू येत होते. कुणी तरी तिच्या तोंडात खजूर भरलेल्या मगरूदचा तुकडा घालत होतं आणि ती "पुरे गं, पोट सुटेल" म्हणत हसत होती. सिवारने खुर्ची पुढे ओढली. हात मांडीवर घट्ट धरून बसली होती. एका ठिकाणी चित्र गेलं, नुसता हिरवा पट्टा राहिला. चरा तिथून गेला होता. पण आवाज चालूच होता, आणि त्या हिरव्या पट्ट्यातून नुवाराची हाक आली.

"यम्मा, तू अशी दारात काय उभी राहिलीस? ये ना आत. रडतेस कशाला, मी काय लांब चाललेय? ये, ओढणी सरकतेय माझी, हाताला मेंदी आहे, मला धरता येत नाही."

सिवारने मान वळवली. "हन्ना," ती म्हणाली, "ती तुला बोलावतेय."

आतल्या खोलीत काहीच हालचाल झाली नाही. पडद्यावर नुवारा पुन्हा म्हणाली, "यम्मा, ये ना." मग खुर्ची सरकली. हाजा तुर्किया भिंत धरत धरत आली, दारावरचा पडदा बाजूला केला आणि सिवारच्या शेजारी बसली. चित्र परत आलं होतं. चित्रात एक बाई दारातून पुढे आली, मागून वाकली आणि लेकीच्या डोक्यावरची ओढणी सारखी केली. हाजाने आपला हात उचलला, तसाच थोडा वेळ हवेत धरला आणि मग सिवारच्या डोक्यावर ठेवला.

मी अंगणात आले. सासी झाडाखाली चहा करत होता. फेस यावा म्हणून या भांड्यातून त्या भांड्यात उंचावरून ओतत होता. माझ्याकडे न बघता त्याने विचारलं, "आवाज मध्ये तुटतोय का?"

"नाही," मी म्हटलं. "तुटला नाही."

"बरं," तो म्हणाला आणि चहा ओतत राहिला.